भेवाची वही

आमचे सर हातांवर बसत. अगदी शब्दशः. काँप्युटरच्या खोलीत एक लाकडी स्टूल होतं, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून उचलून आणलेलं. शिकणारा माणूस खुर्चीवर बसला की सर त्याच्या शेजारी त्या स्टुलावर बसत आणि आपले दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवून देत. मग शिकणाऱ्यानं काहीही घोळ घातला तरी ते हात बाहेर येत नसत. नाकावर माशी बसली तर मान हलवून उडवत. तास संपला की उठून तळवे एकमेकांवर चोळत राहायचे, रक्त परत येईपर्यंत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं याच सवयीचा मला इतका राग येणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मी तेव्हा बुलढाण्याच्या एका कॉलेजात टायपिस्ट होते. महाराष्ट्र राज्य होऊन पंचवीसेक वर्षं उलटली असतील. देऊळघाटहून सकाळच्या एस.टी.नं यायचं, दिवसभर टकटक करायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. नोकरी तात्पुरती. दर जूनमध्ये नवा हुकूम निघे आणि तो निघेपर्यंत आईचा आणि माझा जीव टांगणीला लागलेला असे, कारण वडील गेल्यापासून घर माझ्याच पगारावर चालत होतं. अशात कॉलेजात काँप्युटर आला.

आला म्हणण्यापेक्षा त्याची प्रतिष्ठापना झाली म्हणावं. जुन्या कोठीच्या खोलीला रंग दिला, पडदे शिवले, जमिनीवर जाजम अंथरलं आणि थंड हवेचं यंत्र बसवलं. प्राचार्यांच्या केबिनमध्येही तेव्हा साधा पंखाच होता. चपला बाहेर काढून आत जायचं. पाहुणा आला की प्राचार्य स्वतः कुलूप काढून दर्शन घडवीत, गिलाफ बाजूला करून दाखवीत आणि पुन्हा कुलूप लावीत. वर्षभरात त्या यंत्रावर एक अक्षर उमटलं नाही. धूळ मात्र बसू दिली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

सर गणित शिकवीत. मूळचे जानेफळचे, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, उन्हाळा असो की हिवाळा हातात मिटलेली छत्री. माझी त्यांची ओळख अर्जांमुळे झाली. एके दिवशी त्यांनी आवकमध्ये अर्ज दिला: यंत्र वापराविना पडून आहे, किल्ली मिळावी. मी नोंद केली. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज, तसाच, हातानं लिहिलेला. तिसऱ्या दिवशीही तोच. मी म्हटलं, सर, रोज लिहिण्यापेक्षा मी टाइप करून प्रती काढून देते. तर म्हणाले, नको, लिहिताना रोज थोडा राग येते, थो कामाचा असते. असे एकोणीस अर्ज मी नोंदवले. विसाव्या दिवशी प्राचार्यांनी किल्ली काढून दिली आणि एवढंच सांगितलं की काही बिघडलं तर खोली कायमची बंद.

किल्ली मिळाल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर शंभर पानी वही विकत आणली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘भेवाची वही’, म्हणजे भीतीची. खोलीत शिकायला येईल त्यानं आधी त्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायचं, मला या यंत्राचं काय भेव वाटतं. प्राध्यापक असो, शिपाई असो, विद्यार्थी असो. भीती गेली की ज्याची त्यानं ओळ खोडायची. दुसऱ्यानं कोणी कोणाची ओळ खोडायची नाही. हा नियम सरांनी फार कडक पाळला.

पहिल्या पानावर त्यांनी स्वतःची भीती लिहिली होती. ‘मी असेन तोवर ठीक. मी गेलो की खोलीले पुन्हा कुलूप लागन.’ ती सगळ्यांना वाचता येत असे, कारण वही उघडीच पडलेली असायची.

त्या वहीत काय काय होतं म्हणून सांगू. आमच्या वयस्क शिपायानं लिहिलं होतं, धक्का लागन. इतिहासाच्या प्राध्यापकांनी लिहिलं, विद्यार्थ्यांसमोर हसं होईल. बीबी गावची एक मुलगी होस्टेलमध्ये राहून शिकत होती. तिनं लिहिलं की चुकलं की ते ओरडतं आणि सगळे वळून बघतात. ते यंत्र चुकीचं बटण दाबलं की खरंच ‘टुँ’ करून ओरडत असे. आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, ऐटीत लिहिलं, मला कशाचीही भीती वाटत नाही. ते त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कधीही आले नाहीत.

मी लिहिलं, ‘हा आला, आता मी जाईन.’ सरांनी वाचलं. धीर दिला नाही, असं काही होणार नाही वगैरे म्हटलं नाही. खुर्चीकडे मान करून म्हणाले, “बसा.”

सरांची आणखी एक तऱ्हा होती. एरवी मला, शिपायाला, पोरांना ते ‘तू’ म्हणत. पण त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणत, मग तो कोणी का असेना. उठला की पुन्हा ‘तू’. आमचे शिपाईदादा केवळ त्या ‘तुम्ही’साठी दुपारी चहाच्या सुट्टीत पाच मिनिटं येऊन बसत, असा मला संशय होता. खडूच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून सरांनी आठ खोटे कीबोर्ड केले होते, अक्षरं शाईनं लिहिलेली. वीज गेली की, आणि ती रोज जायची, सगळे व्हरांड्यात पुठ्ठ्यांवर बोटं चालवत बसत. बडेबाबू जाता-येता म्हणत, बाजाची पेटी विकत घ्या, निदान सूर तरी निघेल.

मी एकदा वैतागले. माझी बोटं टाइपरायटरची, जोरात आपटायची. दर चार अक्षरांनी काहीतरी अडायचं, आणि सर शेजारी थंड बसलेले. म्हटलं, सर, एकदा तुम्ही करून दाखवा न. ते म्हणाले, “पाहून भाकर थापता आली असती, तं चुलीपुढं बसून जेवनारे सारे गडी सुगरन झाले असते.”

त्याच दिवशी त्यांनी सांगितलं की हे हातांवर बसणं कुठून आलं. ते शिकत होते तेव्हा मोठ्या शहरातल्या कॉलेजात एकच चांगला सूक्ष्मदर्शक होता. शिकवणारा तो स्वतः हाताळी आणि पोरांनी चार हातांवरून बघायचं. खेड्यातून आलेल्यांना तर अजून मागं उभं करीत, काच फुटेल म्हणून. त्या सूक्ष्मदर्शकाला सरांचा हात पहिल्यांदा लागला तो थेट परीक्षेत. स्क्रू जास्त फिरला, काच फुटली, वर्ष गेलं. “मंग मी गनित घेतलं,” ते म्हणाले. “गनिताले फक्त पेन्सिल लागते, अन् थे माह्यी होती.” हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र फार वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून मी मुकाट्यानं चुकत गेले.

शिकता शिकता मला यंत्र येऊ लागलं. माझी ओळ मात्र मी खोडली नाही, कारण यंत्र जितकं चांगलं चाले तितकी टायपिस्टची गरज कमी, हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. त्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी विद्यापीठाकडे काँप्युटरवर छापून पाठवायचं ठरलं. तीनशेवर नावं. दोन आठवडे खपून मी ती भरली. यंत्राच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती, सगळं फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे काळी, पातळ, चौकोनी चकती. तिच्या एका बाजूला उघडी फट, आणि त्या फटीतून आतली चकचकीत पट्टी दिसे. सरांचा नियम होता की प्रत्येक गोष्टीच्या दोन फ्लॉपी करायच्या, एक गेली तर दुसरी. मी दोन केल्या.

मग दसऱ्याचे दिवस आले. सर जानेफळला घरी गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. खंडेनवमीला कॉलेजात सगळ्या हत्यारांची पूजा होते, प्रयोगशाळेतल्या तराजूपासून माळ्याच्या कुदळीपर्यंत. टाइपरायटरची पूजा दर वर्षी मीच करत असे. त्या वर्षी काँप्युटरचीही केली. त्याच्या पडद्याच्या चौकटीला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. मग वाटलं, खरं काम तर या फ्लॉपींचं. पोथी पुजायची आणि पानं तशीच ठेवायची, हे बरं नाही. दोन्ही तबकात मांडल्या. कुंकू लावायला कपाळ म्हणावं अशी जागा दिसेना. ती फट दिसली. ओलं कुंकू मी अनामिकेनं तिथं टेकवलं. आणि एकीला लावून दुसरीला न लावणं मनाला पटेना, म्हणून दुसरीलाही लावलं.

सुट्टी संपल्यावर सकाळी यंत्र सुरू केलं तर ते दोन्ही फ्लॉपी वाचेना. नुसतं खरखरे आणि ओरडे. मी घाबरून फटीतलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. त्यानं होतं नव्हतं तेही गेलं. तेवढ्यात प्राचार्य यादीची चौकशी करायला दारात आले. मी फक्त म्हणाले, साहेब, उघडत नाही. त्यांनी यंत्राकडे बघितलं आणि त्यांना जे आधीपासून वाटत होतं तेच पटलं. यंत्राचा भरवसा नाही, म्हणाले. खोली बंद करा, शुक्रवारी यादी जायची आहे, टाइपरायटरवर घ्या. आणि जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, “शेवटी तुमचंच मशीन कामाला आलं, बाई. तुमची जागा आता कोणी काढा म्हणणार नाही.”

दर जूनच्या टांगणीतून कायमचं सुटायला मला काहीही करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं, बस्स.

दुपारच्या गाडीनं सर आले. मी काही सांगितलं नाही. त्यांनी एक फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरली, फटीच्या कडेला राहिलेली लाल रेघ बघितली, मग दुसरी धरली. माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, चल, साहेबाले भेटून येऊ.

केबिनमध्ये प्राचार्यांनी विचारलं, सर, हे कसं झालं. सर खुर्चीवर बसले होते आणि मी पाहिलं, त्यांनी तळवे मांड्यांखाली सरकवले होते.

“मी इथं नव्हतो, साहेब,” ते म्हणाले. “फ्लॉपीच्या उघड्या जागेले काही लागू द्याचं नाही, हे मी कोनाले सांगतलं नाही. शिकवाचं राह्यलं. थे माह्यी चूक, मांडून ठेवा. त्याच्यापुढचं मी नाही सांगत.”

आणि ते थांबले. मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू. सगळं माहीत असून हा माणूस हातांवर बसून राहिला आहे. चूक पूर्ण स्वतःवर घेतली असती तर त्यांचं काय बिघडणार होतं, निवृत्तीला आलेले. किंवा सरळ माझं नाव घेतलं असतं, तर मला त्यांना शिव्या देता आल्या असत्या. यातलं काहीच न करता ते माझी वाट बघत होते, शिकणाऱ्याचं बोट बटण शोधत असताना बघत तशी.

मला आई आठवली. आणि का कोण जाणे, ती बीबीची मुलगी आठवली. तिनं पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव न चुकता टाइप केलं तेव्हा ती ते पुसायलाच तयार नव्हती. तिच्यामागच्या मुलाला अर्धा तास थांबावं लागलं होतं.

“साहेब, यंत्रानं काही केलं नाही,” मी म्हणाले. “दोन्ही फ्लॉपींले कुंकू मी लावलं. पुसलं बी मीच. खोली बंद नका करू. यादी काँप्युटरवरच करतो आम्ही, शुक्रवारच्या आत.”

प्राचार्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले की जूनच्या हुकुमाचं ते जूनमध्ये बघतील, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत यादी टेबलावर नसेल तर किल्ली त्यांच्याकडे परत.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “चला बाई, तुम्ही कोऱ्या फ्लॉप्या काढा.” मी खुर्चीवर नव्हते, व्हरांड्यात उभी होते. तरी ते ‘तुम्ही’ म्हणाले, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी भांडायच्याच पवित्र्यात होते.

“सर, तुम्ही एक शब्द बोलले असते तं मले येवढं बोला लागलं नसतं.”

“हाव. पन मंग थे माह्यं बोलनं झालं असतं,” सर म्हणाले. “खोली माह्यीच राह्यली असती.”

चार दिवस उरले होते. मी एकटीनं पुन्हा भरायची तर दोन आठवडे. सरांनी होस्टेलवर निरोप धाडला की ज्याचा अर्ज त्यानं येऊन आपली ओळ स्वतः भरावी. व्हरांड्यात चपलांचा ढीग पडला. शिपाईदादा दारात अर्जांचा गठ्ठा घेऊन नावं पुकारत. जानेफळची, बीबीची, कुठकुठली मुलं एकेक करून आत येत, खुर्चीवर बसत, आणि सर प्रत्येकाला तुम्ही म्हणत. जी कधीच आली नव्हती त्यांना आधी व्हरांड्यात पुठ्ठ्यावर बीबीची मुलगी शिकवी. गैरहजर मुलांच्या ओळी भरायला इतिहासाचे प्राध्यापक दोन तास देऊन जात. त्यांचा वेग बैलगाडीचा होता, पण चूक नव्हती. गुरुवारी दुपारभर वीज नव्हती. कोणी घरी गेलं नाही. आणि चारही दिवस सर त्या स्टुलावर, हात मांड्यांखाली. एखाद्या पोरानं एक ओळ भरायला दहा मिनिटं घेतली तरी ते हात बाहेर आले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या तळव्यांवर स्टुलाच्या लाकडाच्या रेघा उमटलेल्या मी पाहिल्या.

शुक्रवारी बारा वाजता यादी प्राचार्यांच्या टेबलावर होती. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, एक नाव चुकलेलं काढलं आणि सही केली. दुसरी फ्लॉपी आम्ही त्यांच्याच लोखंडी कपाटात ठेवायला दिली. घरी जाण्याआधी मी वहीतली माझी ओळ खोडली. जूनला अजून आठ महिने होते आणि नोकरी राहील की नाही ठाऊक नव्हतं. भीती गेली होती असंही नाही. पण वहीत लिहून ठेवावी एवढी ती उरली नव्हती.

हुकूम निघाला, पुन्हा वर्षाचाच. पुढं कितीतरी वर्षांनी मी कायम झाले. सर त्या हुकुमाच्या पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात बोलले नाहीत. जाताना मला किल्ली दिली आणि वही दिली. मी पहिलं पान उघडून म्हटलं, सर, तुमची ओळ तेवढी राहिली आहे. म्हणाले, “आता कशी खोडू? मी गेल्यावर काय होते थे पाहून खोडीन.”

ते गेल्यावर दोन प्राचार्य बदलले. एका नव्या साहेबांना खोली बंद ठेवण्याची हौस आली. मी रोज एक अर्ज देऊ लागले, हातानं लिहून. मला अकरा पुरले. पुढं यंत्रं वाढली, पोरं वाढली. मी शिकवायला बसायची ती त्याच स्टुलावर.

सरांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हा मी वही पिशवीत घालून जानेफळला गेले. ते खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, तोंड थोडं वाकडं, बोलणं सावकाश. काकूंनी मला खुर्ची दिली. सरांनी माझी, आईची, कोणाचीच चौकशी केली नाही. एकच शब्द विचारला.

“कुलूप?”

“सापडत नाही, सर,” मी म्हणाले. “मागच्या उन्हाळ्यात लय शोधलं. शिपाई म्हणते, पान्याच्या टाकीले लावलं होतं, तिथूनबी कोनीतरी नेलं. आता दाराले कडीच हाय.”

ते हसले, अर्ध्या चेहऱ्यानं. मी वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्या पोटावर ठेवलं आणि डाव्या हातात पेन दिलं. त्या हाताला लिहायची सवय नव्हती. पेन कागदाला लागे आणि सुटे. एकदा ते चादरीवर पडलं. काकूंना बघवेना. म्हणाल्या, “धरा न वो बाई हात त्यायचा. तुमच्यासमोर काय होऊन राह्यलं थे दिसत नाही का?”

मला दिसत होतं. मी खुर्चीवर नीट बसले आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले. सरांनी ते पाहिलं. मग चादरीवरचं पेन त्यांनी स्वतःच चाचपडत उचललं. रेघ वाकडी निघाली, मधेच थांबली, ‘कुलूप’ शब्दाशी खाली घसरली आणि परत वर चढून ओळीच्या शेवटापर्यंत गेली. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला माझे हात मोकळे नव्हते.

रेघ पुरी झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं. मी उठले, आणि काकू बघत होत्या तरी तळवे एकमेकांवर चोळत उभी राहिले, रक्त परत येईपर्यंत.